पाटीवर नाव कुणाचं?



या व्याख्यानाचा विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकांनी मला फोनवरच अडवलं. "मुलींचा गाणारा ग्रुप, त्यातली मैत्री आणि प्रसिद्धी, हे सगळं ठीक आहे हो, पण आपल्याकडं असा ग्रुप झालाय कुठं?" प्रश्न रास्त होता. आपल्याकडं महिला भजनी मंडळं आहेत, मंगळागौरीच्या खेळांची सुपारी घेणारे गट आहेत, शाळाशाळांतून समूहगीतांच्या स्पर्धा आहेत. पण चारपाच मुली एकत्र आल्या, एकाच नावानं गायल्या, घराघरांत पोचल्या, पैसा आला आणि पाठोपाठ रुसवेफुगवेही आले, असं आपल्याकडं सहसा झालेलं नाही. ते अमेरिकेत, इंग्लंडात, हल्ली कोरियात.

तरी मी विषय बदलला नाही. माझ्या मते असा एक ग्रुप महाराष्ट्रात झाला, आणि त्याच्या तोडीचा दुसरा दाखवायला जगभर हिंडावं लागेल. लहानपणी तो काही काळ तुमच्याच कोल्हापुरात राहिला आणि पुढं वीसेक वर्षांनी तुमच्याच गावच्या एका दिग्दर्शकासाठी गायला. फक्त त्यानं ग्रुप म्हणून पाटी कधी लावली नाही. लता, मीना, आशा, उषा. मंगेशकर हे आडनाव होतं, पण ते घराचं होतं, पार्टीचं नव्हतं.

मला बोलायचंय ते या न लावलेल्या पाटीबद्दल. चौघींना एका नावाखाली उभं राहावं लागलं नाही, म्हणून त्यांचं आपसातलं नातं कितीही ताणलं गेलं तरी तुटलं नाही, असं मला वाटतं. आणि त्याची किंमत चौघींनी सारखी मोजली नाही, असंही वाटतं. एक विनंती आधीच करतो. 'लता मोठी की आशा' हा वाद पानाच्या गादीवर चांगला रंगतो, तो तिथंच राहू द्या. तो वाद आपण, म्हणजे ऐकणाऱ्यांनी, लावून दिलेला आहे. घरात काय होतं ते बघायचं तर थोडं मागं जावं लागेल.

२४ एप्रिल १९४२ला या मुलींचे वडील मास्टर दीनानाथ पुण्यात वारले. एके काळी बळवंत संगीत मंडळीचा मालक असलेला माणूस. मागं उरल्या त्या त्यांच्या पत्नी माई आणि पाच मुलं. लता बारा वर्षांची, मीना दहाची, आशा आठची, उषा सहाची आणि हृदयनाथ चारचा. मदतीला धावून आले ते तुमचे दिग्दर्शक मास्टर विनायक. 'पहिली मंगळागौर'मध्ये लताला छोटी भूमिका आणि गाणं मिळालं ते त्याच वर्षी. मग विनायकरावांनी प्रफुल्ल पिक्चर्स काढली, लता त्या कंपनीत पगारावर लागली आणि घर कोल्हापूरला आलं.

लता मंगेशकर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पांढरी साडी, दोन वेण्या आणि माइक येतो. कोल्हापुरातली लता ही कंपनीतली एक पोरवयाची नटी होती. 'माझं बाळ', 'चिमुकला संसार', 'गजाभाऊ', १९४३-४४ची ही चित्रं. तोंडाला रंग लावायचा, सांगतील तिथं उभं राहायचं, गाणं वाट्याला आलं तर गायचं. हे काम तिला मनापासून आवडत नव्हतं, हे तिनं पुढं अनेकदा सांगितलं. 'माझं बाळ'मध्येच संगीतकार दत्ता डावजेकरांकडं आशानं पहिलं गाणं गायलं. 'बडी माँ'त, १९४५ साली, दोघी बहिणी पडद्यावरही आहेत, नायिका नूरजहाँ. त्याच वर्षी कंपनी मुंबईला हलली आणि तिच्यामागं घरही.

या कोल्हापूरच्या वर्षांकडं चरित्रकार 'हलाखीचे दिवस' असं म्हणून दोन पानांत उरकतात. मला ती फार महत्त्वाची वाटतात. कारण या घरात कीर्तीच्या आधी पगार आला. कमावती एक, माणसं सहा. कुणी कामावर जायचं, कुणी घर बघायचं, कुणाचा शब्द चालायचा, हे सगळं ठरून गेलं, आणि मग काही वर्षांनी प्रसिद्धी त्या घरात शिरली. बरोबरीच्या मैत्रिणींनी एकत्र येऊन काही सुरू करावं, तसं हे नव्हतं. इथं एक 'दीदी' होती, आणि ती बारा-तेराव्या वर्षीच बापाच्या जागी उभी राहिलेली होती. अशा नात्यात मैत्री असते का? असते, पण तिला जागा शोधावी लागते. या मुलींना ती गाण्यात सापडली, असं मला वाटतं.

आता नावाकडं येतो.

'महल' आला १९४९ साली. त्यातल्या ज्या गाण्यानं लताला देशभर नेलं, त्या तबकडीवर गायिकेचं नाव 'कामिनी' असं छापलेलं होतं. कामिनी म्हणजे पडद्यावरची मधुबाला. तेव्हाची रीतच तशी. लोकांनी रेडिओला पत्रं लिहून लिहून विचारलं की ही गाते कोण, तेव्हा कुठं खरं नाव हवेत गेलं. पुढं 'चोरी चोरी'च्या संगीताला फिल्मफेअर मिळालं आणि समारंभात गायला लताला बोलावलं, तेव्हा तिनं नकार दिला: बक्षीस संगीतकाराला, गाणारीला काहीच नाही, तर मी का गाऊ? पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला तो १९५९पासून. पहिला तिलाच मिळाला, 'मधुमती'साठी.

नावासाठी इतकं भांडलेल्या बाईला 'नाव कुणाचं' हा प्रश्न किरकोळ वाटणं शक्यच नव्हतं. पण ती भांडली ते एकेका गळ्याच्या नावासाठी. पार्श्वगायनाचा धंदाच तसा आहे. पडद्यावर एक चेहरा, त्याला एक आवाज. तीन आवाज एका चेहऱ्याला लावता येत नाहीत. बाकीच्या बायका माइकपासून लांब, अर्धवर्तुळात उभ्या राहायच्या आणि तबकडीवर त्यांच्या वाट्याला एक शब्द यायचा: कोरस. त्या कोरसमध्ये किती चांगले गळे विरून गेले, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

नावाच्या बाबतीत कोल्हापूरचाही इतिहास आहे बरं का. बाबूराव पेंटरांनी १९२० साली 'सैरंध्री'त खऱ्या बायका उभ्या केल्या, तेव्हा गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघींची नावं कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी बदलूनच त्यांना पडद्यावर आणलं. चित्रपट मुका होता, म्हणून आवाज बदलावा लागला नाही, इतकंच.

पाटी लावली असती तर काय झालं असतं? याचं उत्तर अमेरिकेत मिळतं. डेट्रॉइटच्या गरीब वस्तीतल्या तीन काळ्या मुली, डायना रॉस, मेरी विल्सन आणि फ्लॉरेन्स बॅलर्ड. शाळकरी वयातल्या मैत्रिणी. मोटाउन कंपनीनं त्यांना 'द सुप्रीम्स' या नावानं पुढं आणलं आणि साठच्या दशकात त्यांची बारा गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. १९६७ साली कंपनीनं पाटी बदलली: 'डायना रॉस अँड द सुप्रीम्स'. दोन शब्द पुढं लागले आणि उरलेल्या दोघी आपसूक मागं गेल्या. त्याच वर्षी फ्लॉरेन्सला बाहेर पडावं लागलं. १९७६ साली ती गेली, तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती आणि मधल्या काळात तिनं गरिबीही पाहिली. मैत्री आधीपासूनच कुरतडली जात होती, एका पाटीनं सगळं बिघडवलं असं कुणी म्हणणार नाही. पण मनातली उतरंड पाटीवर रंगवली गेली की ती रोज वाचावी लागते.

आणि आपल्याकडं पाटी लावणाऱ्या बायका नाहीतच असंही नाही. लावणीची संगीत बारी बघा. तिथं पार्टी बाईच्या नावानं चालते, आणि कितीदा तरी दोन बहिणींच्या जोडनावानं: छाया-माया खुटेगावकर, राजश्री-आरती काळे नगरकर. दोघी एकाच बोर्डावर, एकाच बैठकीत. एकीनं अदा करायची तेव्हा दुसरीनं हात राखायचा, हे तिथं रोजच्या रोजीचं शिक्षण. आपल्या मध्यमवर्गाला बायकांचा गाणारा ग्रुप दिसला नाही, कारण तो जिथं होता तिकडं बघायचं नाही असं आपण ठरवलेलं होतं.

परत मंगेशकरांकडं. आशानं सोळाव्या वर्षी, १९४९ साली, घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं आणि घराशी संबंध तुटले. ती परत आली १९६०च्या सुमाराला. मधली दहा-अकरा वर्षं दोघी एकाच धंद्यात, एकाच शहरात, त्याच त्या स्टुडिओंतून ये-जा करत होत्या. घरात बोलणं नाही, आणि तरीही १९५१ साली 'दामन'मध्ये दोघी एकत्र गायल्या. १९५७ला 'शारदा'त आणि 'मिस मेरी'तही गायल्या.

एकत्र गाणं म्हणजे काय, ते आजच्या मुलांना सांगायला हवं. आता दोन गायिका दोन वेगळ्या दिवशी येतात, कानाला हेडफोन लावून आपापली ओळ गाऊन जातात, जोडणी मशीन करतं. तेव्हा पन्नास-साठ वादक, दोन गायिका आणि त्या दोघींत एक माइक. एकीची ओळ संपत आली की तिनं अर्धं पाऊल मागं घ्यायचं, दुसरीनं तेवढंच पुढं यायचं, आणि हे करताना कागद वाजता कामा नये, बांगडी वाजता कामा नये, श्वास ऐकू येता कामा नये. एक चुकली की सगळ्यांनी पहिल्यापासून. समोरची कुठं श्वास घेते, शेवटचा स्वर किती धरते, हे माहीत असल्याशिवाय ते जमत नाही. वर्ष-वर्ष अबोला असलेल्या दोन बहिणी त्या माइकसमोर एकमेकींचे श्वास मोजत होत्या. याला मैत्री म्हणायचं की नाही हे तुम्ही ठरवा. मला दुसरा शब्द सुचत नाही.

त्याच १९५७ साली 'मदर इंडिया' आला. त्यात या चौघीही आहेत, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. एका गाण्यात लता, मीना आणि उषा अशा तिघी बहिणी एकत्र. आशाही त्या चित्रपटात आहे, पण दुसऱ्या गाण्यात, शमशाद बेगम, रफी आणि मन्ना डे यांच्याबरोबर. तीन इकडं, एक तिकडं. यातून घरातल्या भांडणाचा नकाशा काढायचा मोह होतो. मी काढणार नाही. कोणत्या गाण्याला कोणते आवाज, हे संगीतकार नौशादसाहेब ठरवत. पण चौघी एका चित्रपटात असूनही एका गाण्यात नाहीत, हे चित्र त्या वर्षांचं म्हणून माझ्या डोक्यातून जात नाही.

आशाची गाडी रुळावर आली तीही त्याच साली, ओ. पी. नय्यर यांच्या 'नया दौर'नं. नय्यरांनी लताकडून एकही गाणं गाऊन घेतलं नाही, आयुष्यभर. सचिनदेव बर्मन आणि लता यांच्यात पन्नासच्या दशकाच्या अखेरीस बिनसलं, ते काही वर्षं टिकलं, आणि त्या काळात बर्मनदांची गाणी आशाकडं वळली. थोरलीची भांडणं धाकटीच्या पथ्यावर पडली. हे मी कुत्सितपणे म्हणत नाही. भाऊबंदकीत जमिनीची वाटणी होते तशी इथं आवाजाच्या प्रांतांची वाटणी झाली, आणि ती घरात बसून कुणी केली नाही; संगीतकारांच्या रागालोभांनी केली. विरह, भक्ती, सोज्वळ नायिका एकीकडं. क्लब, खोडकरपणा, धिटाई दुसरीकडं. दीदीपेक्षा वेगळं गायचं हे आपण ठरवून केलं, असं आशाताईंनी मुलाखतींतून सांगितलं आहे. ठरवून केलं हे खरंच, पण दुसरा रस्ता मोकळा होताच कुठं? मोठा वाडा आधीच भरलेला होता. धाकटीनं उघड्या माळावर घर बांधलं आणि आज त्या माळाला लोक शहर म्हणतात.

आणि त्या प्रांतांची प्रतिष्ठा सारखी नव्हती, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. लताला दादासाहेब फाळके पुरस्कार १९८९चा, आशाला २०००चा. सोज्वळ गाण्याला आपण मखरात बसवतो आणि धीट गाण्यावर नाचून घेतो. दोन बहिणींच्या वाट्याला आलेल्या मानातलं अंतर बरंचसं आपल्या या दुटप्पीपणानं पडलेलं आहे. त्यात गंमत अशी, की दोघींनीही शर्यतीतून आपणहून पाय काढून घेतला. लतानं १९७०नंतर फिल्मफेअरच्या स्पर्धेतून आपलं नाव बाजूला ठेवायला सांगितलं, आशानं १९७९नंतर. दोघींचंही म्हणणं एकच, नव्या मुलींना जागा मिळू दे. आपण मात्र पुढची चाळीस वर्षं त्यांची शर्यत लावत राहिलो.

धाकट्या दोघींबद्दल कुणी शर्यत लावत नाही, म्हणून त्यांच्याबद्दल थोडं जास्त बोलतो. उषाताईंचा 'पिंजरा' तुम्हाला मी सांगायची गरज नाही. १९७२ साल, शांताराम बापूंचा चित्रपट, राम कदमांचं संगीत, तुमच्या जगदीश खेबुडकरांची गाणी. दीदीनं लावणीच्या वाटेला फारसं जायचं नाही असं ठेवलं होतं. त्या वाटेवर उषाताई ठसक्यात चालल्या. पुढं १९७५ला 'जय संतोषी माँ' आला. 'शोले'च्या वर्षात हा अल्प खर्चाचा चित्रपट देशभर तुफान चालला. बायका चपला बाहेर काढून थिएटरात जात, पडद्यावर फुलं उधळत. त्यातल्या आरत्या शुक्रवारी घरोघर म्हटल्या जायच्या, आजही म्हटल्या जातात. म्हणणाऱ्या बायकांपैकी कितीजणींना ठाऊक असतं, की तो आवाज उषा मंगेशकरांचा? गाणं इतकं प्रसिद्ध की गाणारीचं नाव त्याच्याखाली दबलं.

मीनाताई तर गाणंच मागं ठेवून चाली बांधायला बसल्या. 'माणसाला पंख असतात'ला त्यांचं संगीत आहे. पण महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्या त्यांना न ओळखता ओळखतात त्या बालगीतांमुळं. पाडगावकरांच्या भोलानाथाला पावसाचं नि शाळेचं विचारणारं ते गाणं आठवा, म्हणजे काय म्हणतोय ते कळेल. आपल्याच मुलांकडून, योगेश आणि रचनाकडून, त्यांनी अशी गाणी गाऊन घेतली. मुलाच्या गळ्याला न ताणता झेपेल एवढीच पट्टी, आणि तरी कंटाळा येणार नाही अशी चाल, हे बसवणं सोपं नसतं. पुढं मीनाताईंनी दीदीवर पुस्तक लिहिलं. त्याचं नाव 'मोठी तिची सावली'. सावलीत ऊन लागत नाही, आणि खालचं रोपटंही बेतानंच वाढतं. मीनाताईंनी पुस्तक कृतज्ञतेनं लिहिलंय, तक्रारीनं नाही. मी वाचक म्हणून शीर्षकातले दोन्ही अर्थ घेतो, त्याला त्यांचा इलाज नाही.

मघाशी मी नातं टिकलं असं म्हणालो. पण घरातलं घट्ट नातं बाहेरच्याला भिंतीसारखं लागतं, हेही म्हणायला हवं. मंगेशकरांच्या काळात इतरांना वाव मिळाला नाही, ही तक्रार जुनी आहे. सुमन कल्याणपूरांचं नाव त्यात नेहमी येतं. त्यांचा आवाज लताशी इतका जुळता की रेडिओवर लोक फसत. १९५९च्या 'चाँद'मध्ये हेमंतकुमारांनी दोघींना एका गाण्यात समोरासमोर उभं केलं, तेव्हा कोण कोणती हे ओळखायला कान टवकारावे लागतात. सुमनताईंना पद्मभूषण मिळालं २०२३ साली. कुणी कुणाची वाट अडवली याचा पुरावा माझ्याकडं नाही आणि अशा गोष्टींचे पुरावे मागं राहतही नाहीत. संगीतकार, निर्माते, तबकडी कंपन्या, सगळ्यांना खात्रीचा माल हवा होता, आणि तो एकाच घरात मिळत होता. एवढं मात्र दिसतं.

आणि बहिणी नसलेल्या, एकाच गुरूच्या हाताखालच्या दोघी गायिकांचं काय होतं, तेही या गावाला नवं नाही. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या आश्रयानं इथं राहिले. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर. दोघी गोव्याच्या, दोघींचं गाणं डोंगराएवढं. केसरबाईंनी शिकायला सुरुवात करताना खाँसाहेबांनी दुसऱ्या कुणाला शिकवायचं नाही अशी अट घातल्याचं सांगतात, आणि त्यापायी मोगूबाईंना विद्येसाठी दारोदार फिरावं लागलं. बैठकीत एकच मानाची जागा असते. तिथं अर्धं पाऊल मागं घेण्याची सोयच नाही.

आजच्या मुलींसाठी चित्र बदललंय का? थोडं बदललंय. झी मराठीवरच्या 'लिटिल चॅम्प्स'ची २००९ची अंतिम फेरी आठवा. कार्तिकी गायकवाड जिंकली, पण महाराष्ट्रानं लक्षात ठेवलं ते पाच पोरांना मिळून. 'पंचरत्न' म्हणून त्यांचे कार्यक्रम झाले, अल्बम आला.  वाहिनीला विजेता एकच हवा होता. लोकांनी निकाल बाजूला ठेवून पाचांची पाटी लावली.

आता शेवटी तुमच्या गावाकडं येतो. म्हणजे जयप्रभाकडं. त्या स्टुडिओच्या जागेवरून इथं काय काय झालं, कोण रस्त्यावर उतरलं, कोणाच्या मनात अजून काय आहे, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मी त्या वादात शिरत नाही. मला त्याआधीची जयप्रभा हवी आहे.

भालजी पेंढारकर लताबाईंना वडिलांच्या जागी. गांधीहत्येनंतरच्या १९४८च्या जाळपोळीत भालजींचा हा जयप्रभा स्टुडिओ जळला, ते पुन्हा उभे राहिले, आणि साठच्या दशकात एकामागून एक ऐतिहासिक नि ग्रामीण चित्रपट काढत होते. 'मोहित्यांची मंजुळा'ला, १९६३ साली, संगीतकार हवा होता. लतानं त्याआधी 'राम राम पाव्हणं'ला स्वतःच्या नावानं संगीत दिलेलं होतं. या वेळी ती तयार झाली, पण नाव लपवून. चाली फसल्या तर एवढ्या मोठ्या गायिकेच्या नावाला बट्टा नको, अशी भालजींची काळजी होती असं सांगतात. नाव ठरलं आनंदघन. भालजी स्वतःही 'योगेश' या नावानं गाणी लिहीत. म्हणजे श्रेयनामावलीत गीत योगेश आणि संगीत आनंदघन, आणि दोन्ही माणसं पडद्याआड.

नावासाठी फिल्मफेअरला नकार देणारी बाई इथं आपलं नाव काढून ठेवते. आणि त्या आडोशाला बसून ती काय करते? दुसऱ्या वर्षी 'मराठा तितुका मेळवावा' आला. त्यात शांता शेळके यांनी एक लावणी लिहिली आहे: कशिदा काढणारी बाई आपल्या टाक्यांचं, रेशमाच्या रंगांचं वर्णन करत जाते आणि बघणाऱ्याला हात लावायचा नाही म्हणून दटावते. ती आनंदघननं आशाला दिली. त्याच चित्रपटातलं निरोपाचं, दंडवताचं गाणं स्वतः गायलं.

ती लावणी घरी जाऊन पुन्हा ऐका, पण या वेळी आशाचं गाणं म्हणून ऐकू नका, लतानं बांधलेली चाल म्हणून ऐका. ओळी आखूड आहेत. लांब आलाप कुठंच नाही, जिथं लता राज्य करते ती जागाच चालीत ठेवलेली नाही. त्याऐवजी शब्दांच्या टोकांना छोटे छोटे झटके आहेत, एखादं अक्षर चावून सोडायला फट आहे, दटावताना आवाजातून डोळा मारायला मोकळीक आहे. ही चाल बांधणारीला माहीत होतं, की इथं ही पोरगी काय करेल. ते माहीत असायला आठव्या वर्षापासून ऐकलेला गळा लागतो. दहा-अकरा वर्षांचा अबोला मिटून तेव्हा जेमतेम तीन-चार वर्षं झाली होती. समेटाच्या वेळी त्या एकमेकींना काय म्हणाल्या ते कुणाला माहीत नाही, आपल्याला माहीत असायचं कारणही नाही. ही चाल मात्र सगळ्यांना ऐकता येते. तिच्यात थोरली बहीण धाकटीला म्हणते आहे, की तू माझ्यापेक्षा वेगळी आहेस, आणि ते वेगळेपण मी नीट ऐकलेलं आहे.

पुढच्या वर्षी 'साधी माणसं'. राज्य पुरस्कारांत त्याला संगीताचाही पुरस्कार मिळाला. समारंभात आनंदघन यांचं नाव पुकारलं गेलं. कुणी उठेना. मग व्यासपीठावरून कुणीतरी सांगितलं, की आनंदघन इथं समोरच बसलेले आहेत, आणि ते म्हणजे लताबाई. ही गोष्ट कोल्हापुरात इतक्या जणांच्या तोंडून ऐकली जाते, की त्या दिवशी सभागृहात अर्धं कोल्हापूर होतं असं वाटावं.

नाव फुटलं. त्यानंतर आनंदघनच्या नावावर एकच चित्रपट आला, 'तांबडी माती', १९६९चा. मग ते नाव थांबलं. नाव फुटल्यामुळंच थांबलं असं मी म्हणणार नाही. तिच्याकडं वेळ नव्हता, गाण्यांचा ढीग होता, चाल बसवायला लागते ती निवांत बैठक मुंबईत मिळणं कठीण होतं. पण पुन्हा संगीत दिलं असतं तर ते 'लता मंगेशकरांचं संगीत' म्हणून ऐकलं गेलं असतं, आणि त्यात आशाला कोणतं गाणं दिलं, उषाला कोणतं, आपल्याकडं कोणतं ठेवलं, याची मोजदाद पहिल्या दिवसापासून वर्तमानपत्रांत सुरू झाली असती.